दाबलेला ठोका

“हरिबा, मला दिसू दे की रं!”

रावजी वस्तादांची ही हाक अजून माझ्या कानात आहे. सिद्धोबाच्या जत्रेचं मैदान, माणूस माणसाला चिकटलेला, शिट्ट्या, फेटे उडतायत, आणि त्या सगळ्या गलक्यावरून ही फुटक्या घागरीसारखी हाक यायची. वस्तादांचे दोन्ही डोळे गेले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. तरी दर जत्रेला आखाड्याच्या कडेला, लाल मातीपासून हातभर अंतरावर त्यांचं बाकडं मांडलेलं असायचं. बाकड्याच्या उजव्या अंगाला माझे वडील हलगी घेऊन उभे. हरिबा वायदंडे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो.

पैलवान भिडले की वस्ताद मान तिरकी करायचे आणि तात्यांची हलगी त्यांना कुस्ती दाखवायची. पैलवान एकमेकांचा अंदाज घेत गोल फिरू लागले की बारीक काडी हलगीच्या कडेवर पावलांसारखी घासत जायची. कुणी पाय धरायला वाकला की दुसऱ्या हातातल्या जाड टिपरीचा एकच घाव मध्यावर. खाली आलेला माणूस मातीला छाती लावून पडून राहिला, तर हलगीही दम धरून खालच्या आवाजात घुमत राहायची, वरचा जोर लावील तसतशी चढायची. वस्ताद ओरडायचे, “मानंवर बसलाय त्यो! सोडू नको, घिस्सा मार!” आणि डोळस माणसं म्हणायची, कुस्ती बघायची तर वस्तादांच्या तोंडाकडं बघावं, धूळ तरी जात नाही डोळ्यांत.

तात्यांचा एकच नियम होता. “हलगीनं पैलवानाच्या पायामागनं जायचं, सावलीवानी. पुढं गेली की ती हलगी न्हाई, चहाडी.”

मी त्यांची एकुलती एक. बाईच्या जातीनं हलगीला हात लावायचा नाही, हे गावाला ठाऊक होतं आणि तात्यांनाही. पण घरामागच्या शेवग्याखाली काय वाजतंय ते विचारायला कोण येतंय? तिथं त्यांनी मला शिकवलं. आई पाण्याला निघाली की म्हणायचे, “हं गजरे, आई जाती तशी वाजीव.” मी वाजवायची. आई परतताना म्हणायचे, “आता येती तशी.” भरल्या घागरीचं पाऊल वेगळं. टाच आधी पडते, मग सबंध पाय, आणि मध्ये कंबर हिंदकळल्याचा एक अर्धा ठोका. तो अर्धा ठोका बसायला मला एक हिवाळा लागला. आई लटक्या रागानं म्हणायची, “बाप-लेकीनं माझं चालणं चव्हाट्यावर मांडलंय!” आणि मुद्दाम ठुमकत जायची.

मी अठरा वर्षांची असताना ते झालं.

त्या वर्षी शेवटची कुस्ती आमच्या तालमीच्या दिनकर खोताची होती. दिनकर वस्तादांचा शेवटचा पठ्ठा, वय चोवीस, अंग कसं तासून काढल्यासारखं. समोर सीमेपलीकडचा बसाप्पा. मी बायकांबरोबर शाळेच्या कट्ट्यावर उभी होते. वीस मिनिटं झाली, कुणी कुणाला हलू देईना. मग दिनकरनं बसाप्पाची मान बगलेत घेतली आणि सगळं मैदान उठलं. ढाक! दिनकरची ढाक आजवर कुणी परतवली नव्हती. पाय आत घालायचा, कंबर वळवायची, सगळा भार उजव्या गुडघ्यावर घेऊन समोरच्याला पाठीवरून भिरकावायचा. तात्यांची टिपरी उसळली. पुढं बायका उभ्या राहिल्या, मला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. पुन्हा वाट मिळाली तेव्हा दिनकर आभाळाकडं तोंड करून पडला होता आणि बसाप्पा त्याच्या छातीवर होता.

दिनकर उठला, अंगावरची माती न झाडता सरळ तात्यांसमोर आला.

“ह्या हलगीनं घात केला माझा! मी वळायच्या आधी वाजली ही. त्येनं ऐकलं आन् पाय काढून घितला!”

झालं. एवढी मोठी कुस्ती गेलेली, गावाला कुणीतरी पाहिजेच होतं. जत्रेच्या कमिटीचे अध्यक्ष आण्णासाहेब मगदूम पुढं आले. “हरिबा, तीस वर्षं वाजवतुयास. आन् आजच तुझा हात पुढं गेला? का कुणी घालायला लावला पुढं?”

वस्ताद बाकड्यावरून हळूच म्हणाले, “हरिबा, खरंच पुढं गेली काय रं?”

तात्यांनी दिनकरकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “पैलवान म्हणत्यात, तर गेली आसंल.”

त्यांनी हलगी गळ्यातून काढली, काखेत धरली आणि गर्दीतून वाट काढत घरी आले. वाट काढावी लागलीच नाही म्हणा. माणसं आपोआप बाजूला सरत होती.

पुढचं वर्ष आम्ही ‘फितुराचं घर’ झालो. लग्नाच्या सुपाऱ्या बंद, वराती बंद. तात्या दिवसभर घायपाताचे दोर वळायचे. बोलणं आधीच कमी होतं, ते आता दोराच्या पिळात गेलं. हलगी खुंटीवर. आई मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. केरसुण्या विकत ती गावात फिरायची आणि नेमकी मगदुमांच्या दारात थांबून गळा सोडायची,

माझ्या लेकीच्या बापाची, हलगी बोलती बाई
पाऊल पडल्याबिगर, टिपरी हालत न्हाई

एकदा आण्णासाहेबच बाहेर आले. “हरिबाची बायकू, गाणं कुणाला ऐकवतीयास?”

“केरसुणीला, आण्णासाब. घरात जायच्या आधी तिला सांगावं लागतं, घाण कुठल्या कोपऱ्यात हाय ती.”

त्यांनी केरसुणी घेतली नाही. आई घरी येऊन पोट धरून हसली आणि मग चुलीपुढं बसून रडली.

मी तात्यांना विचारलं, एकदा नाही, वीसदा. “तात्या, तुमचा हात पुढं गेला हुता?”

“पैलवान सांगंल ते खरं.”

“त्यो सांगंल ते न्हाई. तुम्ही सांगा.”

“दोर धर तिकडनं. ढिला सोडू नको.”

एवढंच. मग मीच मनाशी ठरवलं. ती कुस्ती माझ्या कानात पहिल्यापासून शेवटपर्यंत होती. डोळ्यांपुढं बायकांच्या पाठी होत्या, पण कानापुढं कोण उभं राहणार? तात्या दोर विकायला बाजारला गेले की मी खुंटीवरची हलगी काढायची, कातडं ताणावं म्हणून काटक्यांवर शेकायची आणि शेवग्याखाली ती वीस मिनिटं वाजवायची. सलामी. फिरणं. बसाप्पानं पाय धरला ते. दिनकर सुटला ते. आणि शेवटची ढाक. तिथं येऊन मी दरवेळी अडखळायची. कारण तिथं तात्यांनी जे वाजवलं होतं ते माझ्या हाताला पटत नव्हतं. टिपरी दोनदा कडाडली होती, आणि तिसरा ठोका पडतापडता त्यांनी तळवा कातड्यावर ठेवून तो दाबला होता. खट्. तोंडावर हात ठेवल्यासारखा. असा ठोका तात्यांनी मला कधी शिकवला नव्हता. मी तो सोडून वाजवून पाहिलं, तर कुस्ती खोटी वाटायची. घालून वाजवलं, तर अंगावर काटा यायचा, आणि का ते कळायचं नाही.

एक दिवस तात्या लवकर परतले. मी नेमकी तिथंच होते, दाबलेल्या ठोक्यावर. ते अंगणात उभे राहिले, डोक्यावरचा दोरांचा भारा खाली न ठेवता.

“बंद कर.”

“ह्यो ठोका कशाचा, तात्या?”

“म्हटलं ना, बंद कर. पुन्ना हात लावलास तर हलगी चुलीत घालीन.”

तीस वर्षांत त्यांनी हलगीबद्दल असा शब्द काढला नव्हता. तेव्हा मला कळलं की त्या ठोक्यात काहीतरी आहे आणि ते मला कुणी सांगणार नाही.

चैत्र आला. सोमवारी सकाळी तालमीत कमिटी बसणार होती. मैदानाला वाजवायचा मान कुणाचा ते ठरलं की वस्ताद आपल्या हातानं त्याला नारळ देत. या वर्षी नदीपलीकडच्या हलगीवाल्यांच्या पार्टीला द्यायचा, हे गावभर झालं होतं. एकदा तो नारळ दुसऱ्याच्या ओटीत गेला, की वायदंड्यांचं नाव कायमचं पुसलं. मग फितुरी हाच आमचा इतिहास. मी आईला म्हटलं, “जाते.”

आईनं कुठं म्हणून विचारलं नाही. चुलीतला निखारा खापरात घेतला, हलगी शेकून हातात दिली आणि म्हणाली, “मधल्या रस्त्यानं जा. पाठीमागनं जाऊ नको.”

मी मधल्या रस्त्यानं गेले. गळ्यात हलगी अडकवून. पारावरचा एकजण म्हणाला, “काय गं, बापाच्या जागी लेक? आता मिशाबी लाव!” मी म्हटलं, “तुमच्या कामाला येत नसतील तर तुमच्याच द्या की.” मागं हशा झाला, आणि चारसहा जण गंमत बघायला माझ्या मागं आले. बरंच झालं. मला माणसं हवीच होती.

तालमीचा दरवाजा बुटका होता. आत लाल माती, भिंतीला मारुती, तेलाचा आणि घामाचा वास. कमिटी घोंगड्यावर बसलेली, मधे वस्ताद, त्यांच्या मांडीवर नारळ. दिनकर कोपऱ्यात लंगोट्यावर उभा होता, मेहनत करून आलेला, अंगाला माती. मी चौकटीशी थांबले.

आण्णासाहेब ताडकन उठले. “ए पोरी! मारुतीची तालीम हाय ही. बाईनं हितं पाय ठेवायचा न्हाई.”

“पाय भाईरच हाय, आण्णा. आवाज आत यील. त्येला अडवा, अडवत असला तर.”

“कोण हाय?” वस्तादांनी विचारलं.

“हरिबा वायदंड्याची गजरा, वस्ताद.”

“हरिबानं पाठवलं?”

“न्हाई. त्यांना ठाव न्हाई. मी आपली आलिया.” मी हलगी पुढं धरली. “वस्ताद, गेल्या सालची कुस्ती सगळ्या गावानं बघितली. तुम्ही एकट्यानं ऐकली. बघणाऱ्यांनी निकाल दिला, ऐकणाऱ्याला कुणी इचारलं न्हाई. मी ती कुस्ती आणलिया. एकदा ऐका, आन् मग नारळ कुणाला द्यायचा त्येला द्या.”

आण्णासाहेब हसले. “कुस्ती आणलिया म्हणं! पदरात बांधून?”

“वाजू दे,” वस्ताद म्हणाले.

“वस्ताद, अवो बाईमाणूस...”

“मला बाई दिसती व्हय, आण्णा? वाजू दे.”

मी सुरू केलं. सलामीची काडी कडेवर फिरली आणि वस्तादांची मान आपोआप तिरकी झाली. मग ते बोलू लागले, आधी ओठातल्या ओठात, मग मोठ्यानं. “फिरत्यात... बसाप्पा डाव्या अंगानं... हं, हात टाकला... पाय धरला! दिनकर, काढ पाय! काढला! शाब्बास!” मागं आलेली माणसं चौकटीशी दाटली. हाताच्या अंतरावर कुस्ती चालली होती आणि मातीत कुणीच नव्हतं. कमिटीतल्या एका म्हाताऱ्यानं नकळत दंड थोपटला. मी दिनकरकडं पाहत वाजवत होते. पाय बदलायची वेळ आली की त्याच्या मांडीचा पट हलत होता. त्याचं अंग ती कुस्ती ओळखत होतं.

मग मान बगलेत आली. टिपरी उसळली. कड्, कड्, आणि तळवा पडला. खट्.

“थांब!” वस्ताद ओरडले. “तेवढंच पुन्ना.”

मी पुन्हा वाजवलं. कड्, कड्, खट्.

“पुन्ना.”

कड्, कड्, खट्.

वस्तादांनी मांडीवरचा नारळ खाली मातीत ठेवला. “ह्यो दाबलेला ठोका तू कुठनं आणलास, पोरी?”

“तात्यांनी वाजवला हुता. मैदानात.”

“पोरीनं घरात बसून रचलंय हे सगळं!” आण्णासाहेब म्हणाले. “बापाला सोडवायला.”

“आण्णा, खाली बस.” वस्तादांचा आवाज इतका खाली आला की सगळे पुढं झुकले. “हा ठोका मी त्या दिशी ऐकला हुता. मला वाटलं, डोळं गेलं तसा आता कानबी गेला. लोकांम्होरं ते म्हणायची लाज वाटली, म्हणून गप ऱ्हायलो. साल झालं, ह्यो ठोका उशाशी घिऊन निजतुया मी.” त्यांनी तोंड आण्णासाहेबांकडं वळवलं. “पुढं गेलेला हात पुढंच जातो रं. त्येला मधी थांबायचं ठाव नसतं. हरिबाचा हात थांबला, म्हंजी त्येच्या म्होरं कायतरी थांबलं हुतं. पाय आत गेला. कंबर वळली. भार उजव्या गुडघ्यावर आला, आन्...”

“गजरे!”

मागची माणसं फाकली. तात्या आले होते, धावत, हातात अर्धा वळलेला दोर तसाच. कपाळावर घाम. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “चल घरी.”

“न्हाई येत.”

“माझी आन हाय तुला.”

“तात्या, आन नका घालू. साल झालं, तोंड लपवून जगतूया आपण. आई दारोदार केरसुण्या घिऊन ओव्या म्हणती, लोक तिच्यावर कुत्री सोडत्यात. तुम्ही एकदा सांगा. एकदाच. ह्यो ठोका कशाचा?”

“गजरे, पोराचं वय काय!” तात्या एकदम म्हणाले. “मला काय, मी दोर वळीन. त्येला सारी जिंदगी ह्या मातीत उभं ऱ्हायाचं हाय. पैलवानाची अब्रू एकदा गेली की...”

आणि ते थांबले. बोलायचं नव्हतं ते बोलून गेले होते.

आण्णासाहेबांचं तोंड उघडं ते तसंच. पुढं घातलेला हात, फितुरी, सुपाऱ्या, एक अख्खं वर्ष त्या तालमीच्या दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि कुणालाच कुणाकडं बघवत नव्हतं.

मी हलगी पुन्हा वर घेतली. तात्यांनी मान हलवली, नको. मी वाजवलं. दिनकरकडं बघत, अगदी हळू, एकेक ठोका सुटा करून. कड्. कड्. आणि तिसऱ्यावर तळवा ठेवून तो तसाच दाबून धरला. उचलला नाही.

दिनकरचा हात त्याच्या उजव्या गुडघ्यावर गेला होता. त्याला स्वतःलाही कळलं नसावं. पण सगळ्यांनी तो पाहिला, आणि वस्तादांनी न बघताच विचारलं, “दिनकर, त्या दिशी गुडघा कसा हुता?”

दिनकर कोपऱ्यातून पुढं आला. लाल मातीतून चालत चौकटीपर्यंत, माझ्यासमोर आणि तात्यांसमोर. इतका मोठा पैलवान, पण मान खाली, शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखी. वस्ताद थांबले. तात्या थांबले. मीही तळवा उचलला नाही.

“आठ दिस आधी मेहनत करताना निसटला हुता,” तो म्हणाला. “कुणाला सांगितलं न्हाई. वस्तादांनी कुस्ती काढून घितली असती. भार आला आन् मला वाटलं, आता तुटतोय. मी मधीच थांबलो.” त्यानं तात्यांचे दोर धरलेले हात आपल्या हातांत घेतले. “हलगी पुढं गेली न्हवती, हरिबातात्या. मी भ्यालो.”